डॉक्टर साळुंखे, मृत्यू नक्की किती वाजता झाला?

मधल्या सुट्टीत मुलांच्या गप्पा कान देऊन ऐकल्या, तर क्रिकेटच्या खालोखाल विषय असतो तो टीव्हीवरच्या मालिकांचा, आणि त्यातही खुनाचा तपास लावणाऱ्या मालिकांचा. ‘सी.आय.डी.’ ही त्यातली सगळ्यांत दीर्घायुषी. बी. पी. सिंग यांची ही मालिका सोनी वाहिनीवर जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली ती ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली. दीड हजारांहून अधिक भाग झाले. मग डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे आज वर्गात शिकवणाऱ्या कित्येक शिक्षकांनी ती स्वतः दप्तर पाठीवर असताना पाहिली आहे. शिवाजी साटम यांचे एसीपी प्रद्युम्न, लाथ मारून दरवाजा तोडणारे दया, आणि प्रयोगशाळेत परीक्षानळी हलवून ‘बॉस, याच्या रक्तात विष आहे’ अशा थाटात निकाल देणारे डॉक्टर साळुंखे ही मंडळी मराठी घरांत शेजाऱ्यांइतकी ओळखीची आहेत.

अशा मालिका पाहणाऱ्यांची प्रतिक्रिया बहुधा दोन प्रकारची असते. काही जण पडद्यावर पांढरा कोट दिसला की सांगितलेलं सगळं खरं मानतात. काही जण सगळंच हसण्यावारी नेतात. शिक्षकाला दोन्हींचा उपयोग नाही. परीक्षानळीतला द्रव निळा झाला म्हणजे नक्की काय कळलं, असं एखाद्या मुलानं विचारलं, तर ती विज्ञानाच्या तासाची सुरुवात होऊ शकते. मालिकांत पुन्हा पुन्हा येणारी अशी चार दृश्यं घेऊ आणि त्यांच्यामागचं विज्ञान तपासू. कथेत तपासाला वेळ कमी असतो, जाहिरातीआधी काहीतरी उलगडा व्हावा लागतो, ही लेखकाची अडचण आपण समजून घेऊ. पण याच गोष्टी खऱ्या न्यायालयात घडतात तेव्हा तिथं कोणाचा तरी गळा अडकलेला असतो.

‘मृत्यू रात्री दहा ते साडेदहाच्या दरम्यान’

हे वाक्य नाही अशी खुनाची गोष्ट विरळाच. डॉक्टर मृतदेहाकडे एक नजर टाकतात आणि वेळ सांगतात. मग संशयितांना एकच प्रश्न : रात्री दहा ते साडेदहा तू कुठं होतास?

ही वेळ काढायची कशी? सगळ्यांत जुनी आणि अजूनही वापरात असलेली रीत म्हणजे शरीराचं तापमान पाहणं. जिवंत माणसाचं शरीर साधारण ३७ अंश सेल्सिअसला असतं. मृत्यूनंतर आतली उष्णता तयार होणं थांबतं आणि शरीर भोवतालच्या हवेच्या तापमानापर्यंत निवत जातं. जुन्या पुस्तकांतला ठोकताळा असा, की दर तासाला दीड अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ०.८ अंश सेल्सिअस, उतार. समजा, सकाळी सहा वाजता मृतदेहाचं आतलं तापमान ३१ अंश भरलं. सहा अंश उतरले, भागिले ०.८३, म्हणजे सव्वासात तास. मृत्यू रात्री पावणेअकराला!

पण गरम वस्तू अशी एका चालीनं निवत नाही, हे आपण न्यूटनच्या शीतलीकरणाच्या नियमात शिकवतो. वस्तू आणि हवा यांच्या तापमानांत फरक जितका जास्त, तितकी ती भरभर निवते. फरक कमी झाला की चाल मंदावते. बारावीच्या गणितात या नियमावरची उदाहरणं असतात, आणि काही पुस्तकांत तर चक्क खुनाची वेळ काढायला सांगितलेली असते. तसंच एक उदाहरण करून पाहू.

खोलीचं तापमान २५ अंश. सकाळी सहा वाजता मृतदेहाचं तापमान ३१ अंश, सात वाजता ३०.५ अंश. हवेपेक्षा किती जास्त, तेवढंच पाहायचं : सहाला ६ अंश जास्त, सातला ५.५ अंश जास्त. मृत्यूच्या वेळी ३७ वजा २५, म्हणजे १२ अंश जास्त असणार. तासाभरात ६ चे ५.५ होतात, तर १२ चे ६ व्हायला किती तास लागले? लघुगणक वापरून उत्तर जवळजवळ आठ तास येतं. म्हणजे मृत्यू रात्री दहा वाजता. परीक्षेत पूर्ण गुण.

आता या उत्तराला जरा हलवून पाहा. तापमापी ०.१ अंशानं चुकला आणि सातचं खरं तापमान ३०.४ असलं तर? गणित पुन्हा करा. आठ तासांऐवजी साडेसहा तासांच्या आसपास उत्तर येतं. तेच ३०.६ असलं तर दहा तास. म्हणजे तापमापीवरच्या एका बारीक रेघेच्या दहाव्या भागात मृत्यूची वेळ रात्री आठपासून जवळजवळ साडेअकरापर्यंत सरकते! मृत व्यक्तीला त्या रात्री ताप असेल आणि सुरुवात ३७ ऐवजी ३८.५ पासून झाली असेल, तर वेळ रात्री पावणेनऊच्या आधी जाते. रात्री खिडकी उघडी होती आणि पहाटे कोणी बंद केली, पंखा चालू होता, वीज गेली, अंगावर गोधडी होती, माणूस सडपातळ होता की स्थूल, या प्रत्येक गोष्टीनं उत्तर बदलतं. उदाहरणात ‘खोलीचं तापमान २५ अंश’ असं आपण लिहितो, खोली मात्र रात्रभर २५ अंशांवर थांबत नाही.

आणखी एक गंमत आहे. शरीर म्हणजे काही सतत ढवळलेलं पाणी नव्हे. आधी त्वचा निवते, मग तिच्या आतला थर, आणि शेवटी गाभा. त्यामुळे मृत्यूनंतर पहिला अर्धा-एक तास, कधी त्याहूनही जास्त, आतलं तापमान जवळजवळ उतरतच नाही. हे वर्गात दाखवता येतं. एक मोठा बटाटा उकडून घ्या. प्रयोगशाळेतल्या तापमापीचं टोक त्याच्या मध्यापर्यंत जाईल असं भोक पाडून तापमापी बसवा, आणि दुसरी तापमापी सालीच्या लगेच खाली. (ताप मोजण्याची तापमापी इथं वापरू नका, ती फुटेल.) दर दोन मिनिटांनी दोन्हींची नोंद करून आलेख काढा. सालीखालची रेषा लगेच उतरू लागते. मधली मात्र आधी थबकते आणि मग खाली वळते. नंतर मुलांना दोन गटांत बसवा. एका गटानं तांब्यात ६० अंशांचं पाणी भरून वेळ चिठ्ठीवर लिहून ठेवायची, आणि दुसऱ्या गटानं तासाभरानं येऊन दोन वाचनांवरून ती वेळ ओळखायची. पहिल्या गटाला तांब्यावर फडकं गुंडाळायची किंवा पंखा लावायची मुभा द्या. किती मिनिटांची चूक येते ते फळ्यावर लिहा. (गरम पाणी शिक्षकांनीच हाताळावं.)

न्यायवैद्यकातल्या तज्ज्ञांना हे सगळं ठाऊक आहेच. सुरुवातीची ही थबक धरून १९६२ मध्ये मार्शल आणि होअर यांनी सुधारित सूत्र मांडलं. पुढं जर्मनीतल्या हेन्सगे यांनी वजन, कपडे, वारा यांचा हिशोब धरणारे तक्ते तयार केले. जगभर ते वापरले जातात. इतकं सगळं करूनही उत्तम परिस्थितीत हेन्सगे यांच्या पद्धतीची हमी असते ती अंदाजाच्या अलीकडे-पलीकडे २.८ तासांची, आणि तीही शंभरात पंच्याण्णव वेळा. म्हणजे ‘दहा वाजता’ याचा प्रामाणिक अर्थ ‘संध्याकाळी सव्वासात ते मध्यरात्रीनंतर पाऊण’. अशा अंदाजावर डॉक्टर साळुंख्यांचा संवाद रंगणार नाही, हे खरं.

आणि आपल्याकडं? ही सूत्रं मुख्यतः थंड देशांत तयार झाली. नागपुरात मे महिन्यात दुपारी हवा ४३-४४ अंशांवर जाते. तिथं उघड्यावरचा मृतदेह निवायचा कुठून? उलट तापतो. आणि हवा नेमकी ३७ अंशांवर असली, तर शरीराचं तापमान हलतच नाही. तापमापी काहीच सांगत नाही.

म्हणून इतर खुणाही पाहतात. मृत्यूनंतर स्नायू ताठरतात. हे का होतं ते जीवशास्त्राच्या शिक्षकांनी मुद्दाम सांगण्यासारखं आहे, कारण मुलांच्या समजुतीच्या ते उलट आहे. स्नायू आवळायला ऊर्जा लागते हे त्यांना माहीत असतं. पण आवळलेले तंतू एकमेकांपासून सुटायलाही ए.टी.पी. लागतो. मृत्यूनंतर ए.टी.पी. संपला, की मायोसिन आणि ॲक्टिन यांची पकड सुटत नाही आणि स्नायू आहे त्या स्थितीत ताठ राहतो. पुढं प्रथिनांचं विघटन सुरू झालं, की तो पुन्हा सैल पडतो. हा सगळा रासायनिक व्यवहार असल्यानं उष्णतेनं तो भरभर उरकतो. न्यायवैद्यकाच्या भारतीय पाठ्यपुस्तकांत उत्तर भारतासाठी ताठरपणाचा काळ हिवाळ्यात २४ ते ४८ तास आणि उन्हाळ्यात १८ ते ३६ तास असा देतात. या आकड्यांतलं अंतरच पाहा! दिवस उलटून गेले असतील, तर माश्यांनी घातलेल्या अंड्यांची आणि अळ्यांची वाढ उपयोगी पडते. पण अळीची वाढही हवेच्या तापमानावरच अवलंबून.

सायकलवरचा मुलगा

पोटातल्या अन्नावरून वेळ सांगणं हेही पडद्यावर नेहमीचं. ‘जेवणानंतर दोन तासांत मृत्यू.’ याबद्दल एक खरी हकिगत सांगायला हवी.

कॅनडात ओंटारिओ प्रांतातल्या क्लिंटन या गावाजवळ ९ जून १९५९ च्या संध्याकाळी १४ वर्षांचा स्टीव्हन ट्रस्कॉट आपल्या शाळेतल्या १२ वर्षांच्या एका मुलीला सायकलवर बसवून हमरस्त्यापर्यंत घेऊन गेला. त्याच्या सांगण्यानुसार तिथं ती उतरली आणि पुढं एका मोटारीत बसली. दोन दिवसांनी तिचा मृतदेह झाडीत सापडला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी पोटात न पचलेलं अन्न पाहिलं, ती पावणेसहाच्या सुमारास जेवली होती हे धरलं आणि मृत्यूची वेळ सांगितली : संध्याकाळी सात ते पावणेआठ. त्याच वेळात स्टीव्हन तिच्याबरोबर होता. आठनंतर तर तो शाळेच्या मैदानावर इतर मुलांना दिसला होता. म्हणजे मृत्यू आठनंतर झालेला असता, तर त्याच्यावर आरोप टिकलाच नसता. पाऊण तासाच्या त्या खिडकीत एक शाळकरी मुलगा अडकला.

३० सप्टेंबर १९५९ रोजी त्याला फाशीची शिक्षा झाली. वय वर्षं चौदा! जानेवारी १९६० मध्ये ती जन्मठेपेवर आली, आणि १९६९ मध्ये तो पॅरोलवर सुटला. पोट रिकामं होण्याचा वेग माणसामाणसांत बदलतो. भीती, धक्का, इजा यांनी पचन मंदावतं किंवा थांबतंच. खाल्लेलं काय होतं यावरही ते अवलंबून असतं. त्यामुळे पोटातल्या अन्नावरून इतकी नेमकी वेळ सांगता येत नाही, हे पुढच्या दशकांत तज्ज्ञांनी निःसंदिग्धपणे मांडलं. ओंटारिओच्या अपील न्यायालयानं २८ ऑगस्ट २००७ रोजी ट्रस्कॉट यांना निर्दोष ठरवलं. तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते.

दृश्य दुसरं : रुमाल

मागून एक हात येतो, नाकावर रुमाल दाबला जातो, तीन सेकंदांत माणूस बेशुद्ध. तासाभरानं तो गोदामात खुर्चीला बांधलेल्या अवस्थेत डोळे उघडतो आणि लगेच नीट बोलू लागतो. हिंदी चित्रपटांनी हा रुमाल इतका वापरला आहे, की त्यावर कोणी प्रश्नच विचारत नाही.

क्लोरोफॉर्मनं भूल देण्याची सुरुवात एडिंबराच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी नोव्हेंबर १८४७ मध्ये केली. तीन वर्षं होतात न होतात तोच रुमालाच्या गोष्टी वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. तेव्हा जॉन स्नो यांनी (हेच स्नो पुढं लंडनच्या पटकीच्या साथीच्या अभ्यासामुळे प्रसिद्ध झाले) स्पष्ट सांगितलं, की धडपड करणाऱ्या माणसाला असं झटक्यात बेशुद्ध करणं शक्य नाही. कारण साधं आहे. वाफ फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पुरेशा प्रमाणात साचावी लागते. त्याला काही सेकंद नव्हे, काही मिनिटं लागतात, आणि तीही सलग हुंगत राहिलं तर. शिवाय बेशुद्धी टिकवायची, तर वाफ देत राहावं लागतं. थांबवलं की शुद्ध परत येऊ लागते, तीही बहुधा मळमळ आणि उलटीसकट.

आता याची गंभीर बाजू. २८ जानेवारी १८४८ रोजी न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला पायाच्या बोटाचं नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिलं, आणि दोन-तीन मिनिटांत तिचा प्राण गेला. असे मृत्यू पुढंही होत राहिले, तेव्हा आधी श्वास थांबतो की आधी हृदय, यावर मोठा वाद झाला. या वादाचा एक अंक आपल्या शेजारी, हैदराबादेत घडला. तिथले शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकारानं आणि निजामाच्या पैशानं १८८८ आणि १८८९ मध्ये दोन ‘क्लोरोफॉर्म आयोग’ बसले. कुत्र्यांवर आणि माकडांवर शेकडो प्रयोग झाले. निष्कर्ष निघाला : आधी श्वास थांबतो, हृदय नंतर, तेव्हा श्वासावर लक्ष ठेवा म्हणजे झालं. पण रुग्ण अचानक दगावतच राहिले. १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना रक्तात ॲड्रिनलिन वाढलं तर हृदयाचे ठोके एकदम विस्कळीत होऊन ते थांबू शकतं.

हलकी भूल आणि खूप ॲड्रिनलिन. रुमालाच्या दृश्यातल्या घाबरलेल्या, झटापट करणाऱ्या माणसाची स्थिती नेमकी हीच असते. मालिकेतला निरुपद्रवी रुमाल प्रत्यक्षात हृदय बंद पाडू शकतो, हे वरच्या वर्गातल्या मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावं. ‘गंमत म्हणून’ काहीतरी हुंगवण्याचे प्रकार वसतिगृहांत होतात, म्हणूनही.

दृश्य तिसरं : लाल डाग

दिवे बंद, फवारा मारला, आणि फरशी निळी उजळून निघाली. ‘सर, इथं खून झाला आहे!’

हा फवारा ल्युमिनॉलचा. क्षारयुक्त द्रावणात हायड्रोजन पेरॉक्साइडबरोबर त्याची अभिक्रिया होताना प्रकाश बाहेर पडतो. हिमोग्लोबिनमधलं लोह या अभिक्रियेला वेग देतं. धुऊन टाकलेलं, अगदी विरळ रक्तही त्यामुळे सापडतं, हे त्याचं मोठेपण. पण ती चमक अंधारातच दिसते, आणि साधारण अर्ध्या मिनिटात विझू लागते. तपास अधिकाऱ्यांनी निळ्या प्रकाशात उभं राहून चर्चा करावी इतका वेळ ती थांबत नाही. मुख्य अडचण वेगळीच आहे. ब्लीचिंग पावडर, तांब्याचे क्षार आणि काही भाज्यांतली विकरं यांनीही ल्युमिनॉल चमकतं. ज्या घरात नुकतीच फरशी ब्लीचिंगनं पुसली आहे, तिथं सगळी फरशीच चमकेल.

दुसरी एक चाचणी शिक्षकांच्या ओळखीच्या पदार्थाची आहे, फिनॉल्फ्थॅलीनची. आम्ल-अल्कलीच्या प्रयोगातला हा दर्शक क्षपण करून रंगहीन करतात, डागाचा बारीकसा अंश घेऊन त्यावर तो टाकतात आणि मग पेरॉक्साइडचा थेंब. रक्त असलं तर लगेच गुलाबी रंग येतो. (लाच घेताना पकडण्याच्या सापळ्यात नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावतात आणि संशयिताची बोटं धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवतात, तेव्हा येणारा गुलाबी रंग मात्र साध्या आम्ल-अल्कलीच्या दर्शकाचा. महाराष्ट्रातल्या सापळ्यांत पुष्कळदा ॲन्थ्रासीनची पूड आणि अतिनील दिवा वापरतात.)

या चाचण्यांना ‘सूचक’ चाचण्या म्हणावं. उत्तर ‘नाही’ आलं तर बहुधा रक्त नाही. ‘हो’ आलं तर पुढं तपासा, इतकंच. मुलांना हे पटवायला औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड पुरतं. जखमेवर टाकलं की ते फसफसतं हे त्यांनी पाहिलेलं असतं. आता कच्च्या बटाट्याच्या ताज्या फोडीवर एक थेंब टाका. तिथंही फसफसतं! रक्तात आणि बटाट्यात पेरॉक्साइड मोडणारं कॅटॅलेज हे विकर आहे. फसफसलं म्हणून बटाट्याचा खून झाला असं कोणी म्हणणार नाही.

रक्त आहे हे ठरलं, तरी ते माणसाचं का? १९०१ मध्ये जर्मनीतल्या पाउल उलेनहूथ यांनी याचं उत्तर दिलं. सशाला माणसाच्या रक्तातली प्रथिनं टोचली की सशाच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होतात. सशाचा तो रक्तद्रव माणसाच्या रक्ताशी गाठ पडली तरच गढुळतो. त्याच वर्षी र्‍यूगेन बेटावर दोन मुलांच्या खुनाच्या संशयावरून लुडविग टेसनोव नावाचा सुतार पकडला गेला. कपड्यांवरचे डाग लाकडाच्या रंगाचे आहेत, असं त्याचं म्हणणं. उलेनहूथ यांनी डागांची छाननी केली. काही डाग मेंढीच्या रक्ताचे निघाले, काही माणसाच्या. आधी तिथल्या एका शेतकऱ्याच्या मेंढ्याही कापलेल्या सापडल्या होत्या.

दृश्य चौथं : कबुली आणि ठसा

प्रत्येक भागाच्या शेवटी गुन्हेगार, बहुधा एका चपराकीनंतर, सगळं कबूल करतो. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतात. न्यायालयात मात्र या कबुलीची किंमत शून्य. पोलीस अधिकाऱ्यापुढं दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं २५ वं कलम हेच सांगत होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३ व्या कलमातही ते कायम आहे. (आरोपीनं सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो.) मारहाणीच्या भीतीनं निर्दोष माणूसही कबुली देईल, हा त्यामागचा विचार. म्हणजे एसीपी प्रद्युम्न यांना शेवटी वस्तूंच्या पुराव्यावरच उभं राहावं लागणार. त्यातच, सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणं नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं आवश्यक केलं आहे. तेव्हा या विषयाला पुढच्या काळात माणसं लागणार आहेत. रसायनशास्त्र आवडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कानावर हे घालायला हरकत नाही.

वस्तूंच्या पुराव्यात मानाचं स्थान बोटांच्या ठशांचं, आणि त्यांचा इतिहास आपल्या देशातला. जगातलं पहिलं अंगुलिमुद्रा केंद्र कलकत्त्याला १८९७ मध्ये सुरू झालं. हजारो ठशांतून हवा तो चटकन शोधायचा कसा, ही खरी अडचण होती. ती सोडवणारी १०२४ खणांची वर्गवारी एडवर्ड हेन्री यांच्या नावानं ओळखली जाते, पण तिचं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन बंगाली अधिकाऱ्यांनी बसवलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जलपायगुडी जिल्ह्यात एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरून खून झाला आणि पैसे चोरीला गेले. संशयित बरेच होते. स्वयंपाक्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते; साहेबाच्या जेवणासाठी कबुतर मारलं त्याचे ते, असं तो सांगत होता. मृताच्या पेटीत एक बंगाली पंचांग सापडलं आणि त्याच्या निळसर वेष्टनावर दोन तपकिरी डाग. त्यातला एक अंगठ्याचा ठसा होता. केंद्रातल्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर तो पूर्वी चोरीसाठी शिक्षा झालेल्या कंगाली चरण या जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याचा निघाला. तो डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचा आहे, असं सरकारी रासायनिक परीक्षकानं सांगितलं. पक्ष्यांच्या तांबड्या पेशी लंबगोल आणि केंद्रक असलेल्या असतात, सस्तन प्राण्यांच्या केंद्रकाविना. त्यामुळे ‘कबुतराचं नाही’ हे त्या काळीही सांगता येत होतं, पण ‘माणसाचं आहे’ हे सांगणारी उलेनहूथची चाचणी यायला चार वर्षं बाकी होती.

मालिका असती तर इथंच संपली असती. न्यायालयानं काय केलं? कंगाली चरणला चोरीबद्दल दोषी ठरवलं आणि खुनाच्या आरोपातून सोडलं. त्याचा हात त्या पेटीत गेला होता, हे ठशानं सिद्ध झालं. सुरी त्याच्याच हातात होती, हे कोणी पाहिलेलं नव्हतं आणि ठसाही ते सांगत नव्हता. ठशाचा पुरावा न्यायालयात इतका नवा असताना त्याची मर्यादा त्या न्यायालयानं ओळखावी, याचं मला फार कौतुक वाटतं.

ठसा कोणाचा हे ठरवण्यातही चूक होते. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदमध्ये आगगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. स्फोटकांशी संबंधित एका पिशवीवरचा अर्धवट ठसा अमेरिकेच्या एफ.बी.आय.नं संगणकाला दिला. संगणकानं पडद्यावर ‘मॅच’ असं लिहिलं नाही. त्यानं जवळच्या वीस ठशांची यादी दिली. त्यातला एक ठसा ओरेगन राज्यातले वकील ब्रँडन मेफिल्ड यांचा होता, आणि अनुभवी तज्ज्ञांनी एकामागून एक तपासून तोच खरा, शंभर टक्के, असं ठरवलं. मेफिल्ड यांना ६ मे रोजी ताब्यात घेतलं. स्पेनचे पोलीस आधीपासून नाही म्हणत होते. त्यांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचं शोधून काढलं, तेव्हा २० मे रोजी मेफिल्ड सुटले. पहिल्या तज्ज्ञानं निकाल दिला आहे हे पुढच्यांना माहीत होतं, ही या प्रकरणातली एक मोठी गोम.

वर्गात हे करून पाहता येतं. कागदावर शिसपेन्सिल गिरवून त्या काळ्या भागावर बोट घासायचं, त्यावर सेलोटेप चिकटवून उचलायची आणि पांढऱ्या कागदावर लावायची. रेषा स्वच्छ उमटतात. सगळ्या मुलांच्या उजव्या अंगठ्याचे ठसे असे नाव लिहून जमवा. मग पाच जणांचे आणखी एकेक ठसे घ्या, पण त्यातला नखाएवढाच तुकडा उघडा ठेवून बाकीचा झाका, आणि भिंग देऊन ते कोणाचे हे ओळखायला सांगा. अर्ध्या गटांना आधी कानात सांगा, ‘दुसऱ्या गटानं हा अमक्याचा ठरवला आहे’, आणि नाव मुद्दाम चुकीचं सांगा. बाकीच्यांना काहीच सांगू नका. तास संपताना दोन्हींच्या चुका मोजून फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.